गळ पाण्यात पडण्याआधी: उजनीकाठच्या हौशी मासेमारीचे टप्पे

रविवारी पहाटे सोलापुरातून निघून सहाच्या सुमारास उजनी धरणाच्या फुगवट्यावर (धरणामागे पसरलेल्या पाण्यावर) पोहोचलेला हौशी माणूस गाडीतून उतरल्या उतरल्या गळाला आमिष लावतो आणि हातात बळ असेल तितक्या लांब फेकतो. मग गुंतलेला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सोडवत बसतो, आमिष विरघळले म्हणून पुन्हा पीठ मळतो आणि ऊन चढल्यावर, नऊ-साडेनऊला, इथे पाणी किती खोल आहे अशी चौकशी शेजारच्याकडे करतो. आदल्या रात्रीचे काम काठावर होते, पहिल्या अर्ध्या तासाचे काम शेवटी होते आणि जे सर्वांत शेवटी यायचे ते फेकणे सर्वांत आधी उरकले जाते. हा उलटा क्रम मी इतक्यांदा पाहिला आहे की साहित्य महाग घ्यावे की स्वस्त, हा नव्या मंडळींचा आवडता प्रश्न मला आता दुय्यम वाटतो.

पुढचे टप्पे काठावर बसून, काठी, रीळ आणि भेंड (माशाची ओढ दाखवणारी तरंगती खूण) वापरून करायच्या मासेमारीचे आहेत. डोळ्यांसमोर रोहू, मृगळ, सायप्रिनस आणि चिलापी हे मासे धरले आहेत. मरळीची मासेमारी आणि खोट्या आमिषाची मासेमारी यांची रीत निराळी असल्यामुळे त्या इथे घेतलेल्या नाहीत.

टप्पा १: पाणी कोणाचे आहे ते विचारावे

धरण सरकारचे आहे म्हणून गळ कुठेही टाकता येतो, ही समजूत चुकीची आहे. जलाशयांतील आणि तलावांतील मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे दिलेले असतात आणि त्या पाण्यात मत्स्यबीज सोडण्याचा खर्चही त्या करतात. तेव्हा जाण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात किंवा थेट त्या संस्थेकडे चौकशी करावी आणि शुल्क असल्यास ते भरून पावती खिशात ठेवावी. काठावर भेटलेल्या कोणी तरी ‘टाका की, कोण विचारतंय’ म्हणणे ही परवानगी नव्हे. बंधाऱ्याची भिंत, सांडवा आणि पाणी उपसा केंद्रे यांच्या जवळपास परवानगी असली तरी बसू नये.

शहरातल्या सिद्धेश्वर तलावाचा विचारही करू नये. ते देवस्थानाचे पाणी आहे. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा एकरूख तलाव, विजापूर रस्त्याकडचा संभाजी तलाव, अक्कलकोटकडचे बोरी नदीवरील कुरनूर धरण आणि उजनी या प्रत्येक ठिकाणची व्यवस्था स्वतंत्र आहे, त्यामुळे एका ठिकाणची पावती दुसरीकडे चालत नाही.

टप्पा २: साहित्य निवडताना कुठे चुकते

काठी आठ ते दहा फुटांची आणि शक्यतो दोन तुकड्यांची असावी. दुर्बिणीसारखी आत सरकणारी काठी एस.टी.ने जाणाऱ्याला सोयीची खरी, पण उजनीचा बारीक गाळ तिच्या सांध्यांत शिरला की एक तर ती उघडत नाही, किंवा नेमकी मासा ओढत असताना आत सरकते. मुठीच्या वरच्या बाजूला किती ग्रॅमपर्यंतचे वजन फेकावे हे छापलेले असते आणि ते कोणीही वाचत नाही. दहा ते चाळीस ग्रॅम लिहिलेल्या काठीवर शंभर ग्रॅमचे शिसे फेकले तर काठीचा शेंडा मोडतो, आणि दोष दुकानदाराला लागतो.

रीळ तीन हजार किंवा चार हजार क्रमांकाचे पुरते. त्यात किती बेअरिंगे आहेत यापेक्षा ड्रॅग गुळगुळीत सुटतो की अडखळत सुटतो हे पाहावे. ड्रॅग म्हणजे ठरावीक ताण आल्यावर रिळाची चकरी उलटी फिरवून तंगूस सोडणारी यंत्रणा. दुकानातच ड्रॅग अर्धा आवळून तंगूस हाताने ओढावा. तो झटक्याझटक्याने सुटत असेल तर रीळ परत ठेवावे.

तंगूस ०.२८ ते ०.३० मिलिमीटर जाडीचा, साधा एकपदरी नायलॉनचा घ्यावा. विणलेला दोरा बारीक आणि बळकट असतो, पण तो ताणत नाही, हात कापतो, आणि तळाशी अडकला तर तोडता तोडता नाकी नऊ येतात. नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये. नायलॉनला उन्हाने मारले की तो वरून चांगला दिसतो आणि आतून कुजतो. म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगलेली गुंडाळी घेऊ नये, आतली मागावी. घरचा जुना तंगूस नखावरून ओढून पाहावा. खरखर लागली, पांढरट रेष दिसली किंवा तो स्प्रिंगसारखा वळसे घेऊ लागला तर टाकून द्यावा. वर्षातून एकदा तंगूस बदलणे हा या छंदातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळला जाणारा खर्च आहे.

गळाच्या क्रमांकांत पुष्कळांची फसगत होते. एक ते सोळापर्यंत आकडा जितका मोठा तितका गळ लहान. त्याउलट ज्या आकड्यापुढे तिरपी रेघ आणि शून्य असते त्यात आकडा वाढला की गळ वाढतो. रोहू, मृगळ आणि सायप्रिनस यांना सहा ते आठ क्रमांकाचा, चिलापीला दहा-बारा क्रमांकाचा गळ पुरतो. मोठ्या माशासाठी मोठा गळ हा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण रोहूचे तोंड लहान आणि मऊ ओठांचे असते आणि तो आमिष गिळण्याऐवजी आत ओढून चाचपतो. गळाचे टोक नखावर हलके टेकवून ओढावे: रुतले तर धार आहे, घसरले तर नाही.

उरलेले साहित्य थोडक्यात: दोन-तीन मापांची भेंडे, लहान-मोठी शिसे, फिरत्या कड्या, लांब दांड्याचे हातजाळे, बारीक तोंडाची पक्कड, कात्री, जुने सुती फडके, टोपी, पिण्याचे पाणी आणि विजेरी. यांतले हातजाळे बहुतेक जण ‘पुढच्या वेळी घेऊ’ म्हणून सोडतात, आणि पहिला मोठा मासा काठापासून हातभर अंतरावर घालवून आले की ते घेतात.

टप्पा ३: आदल्या रात्रीचे काम

तंगूस रिळावर भरताना गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवावी. तंगूस गुंडाळीवरून ज्या दिशेने सुटतो त्याच दिशेने तो रिळावर बसला पाहिजे. दहा-पंधरा वेढे भरून थांबावे आणि ताण सैल करावा. तंगूस स्वतःभोवती पीळ घेऊ लागला तर गुंडाळी उलटी करावी. भरताना तंगूस ओल्या फडक्यातून, चिमटीत धरून ओढत राहावा, म्हणजे वेढे घट्ट बसतात. चकरीची कड साधारण दोन मिलिमीटर उघडी राहील इतकेच भरावे. काठोकाठ भरलेल्या रिळावरून पहिल्याच फेकीला वेटोळी सुटतात, आणि कमी भरलेल्या रिळावरून फेक लांब जात नाही.

गाठ दिवाणखान्यात, दिव्याखाली मारावी. पहाटेच्या अंधारात मारलेली गाठ देवाच्या भरवशावर असते. तंगुसाचे टोक गळाच्या कडीतून ओवून वीतभर बाहेर काढावे आणि मुख्य तंगुसाभोवती पाच-सहा वेढे द्यावेत. तेच टोक कडीलगतच्या पहिल्या फटीतून ओवावे, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार होतो त्यातून परत काढावे. आता थांबून गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी आणि मगच मुख्य तंगूस सावकाश ओढावा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमक्या त्याच जागी कमजोर होतो. वेढे एकमेकांशेजारी ओळीने बसले पाहिजेत. एकावर एक चढले असतील तर कापून पुन्हा मारावी. टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावे.

गळ थेट मुख्य तंगुसाला न बांधता फिरत्या कडीच्या पुढे, दीड-दोन फूट लांबीच्या किंचित बारीक तंगुसाला बांधावा. तळाशी गळ अडकला तर तो बारीक तुकडाच तुटतो. भेंड, शिसे आणि बाकीचा तंगूस हाती राहतो.

शेवटी ड्रॅग लावावा. ढोबळ नियम असा की तंगुसाच्या वेष्टनावर लिहिलेल्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ताणाला रीळ सुटू लागले पाहिजे. तंगूस सहा किलोचा असेल तर दीड ते दोन किलोला. घरातला हुकाचा वजनकाटा तंगुसाच्या टोकाला अडकवून, काठी तिरकी धरून ओढावे आणि काट्यावरचा आकडा पाहत ड्रॅगची चावी फिरवावी.

माझी पहिली चांगली काठी याच एका चुकीपायी गेली. ड्रॅग पूर्ण आवळलेला होता, काठी दोन दगडांवर नुसती टेकवलेली होती आणि मी थर्मासचे झाकण उघडत होतो. मूठ दगडावर आपटल्याचा एकच आवाज झाला. वळून पाहिले तोवर काठी वल्ह्यासारखी पाणी कापत आत चालली होती. मी गुडघाभर पाण्यात धावलो, पण पुढे गाळ लागला आणि मुकाट्याने मागे फिरलो.

*तपासणी:* निघण्यापूर्वी गळ दाराच्या कडीला अडकवून, दहा फुटांवरून काठी वाकवून ओढून पाहावे. गाठ सुटता कामा नये आणि रीळ कुरकुरत सुटले पाहिजे.

टप्पा ४: गळाचे आमिष वेगळे, चारा वेगळा

चारा मासे जमवण्यासाठी असतो, म्हणून तो पाण्यात पडल्यावर फुटून पसरला पाहिजे. आमिष गळावर टिकण्यासाठी असते, म्हणून ते धरून राहिले पाहिजे. दोन्हींसाठी एकच पीठ मळले की दोन्ही कामे बिघडतात.

चाऱ्यासाठी शेंगदाण्याच्या पेंडीसारखे दुसरे काही नाही, आणि सोलापुरात ती मिळवायला कष्ट पडत नाहीत. घाण्यावरची पेंड घ्यावी. तिच्यात तेलाचा अंश जास्त राहतो आणि वास लांबवर जातो. बुरशी धरलेली, कुबट वासाची पेंड फुकट मिळाली तरी घेऊ नये. एका सकाळसाठी एक किलो पेंड फोडून रात्री थोड्या पाण्यात भिजवावी, सकाळी तीत अर्धा किलो ज्वारीचे जाडसर पीठ आणि दोन मुठी गव्हाचा कोंडा मिसळावा. मिश्रण मुठीत दाबले तर लाडू वळावा आणि दोन बोटांनी टिचकी मारली तर फुटावा, इतकेच ओले हवे. पाणी काठावर गेल्यावर थोडे थोडे घालावे. घरी सैल झालेले पीठ सुधारता येत नाही.

गळाच्या आमिषासाठी चाळलेली पेंड दोन वाट्या, कणीक एक वाटी, गुळाचा लहान खडा आणि भाजून कुटलेली चमचाभर बडीशेप घेऊन घट्ट मळावे, त्याचे मुटके करून दहा-पंधरा मिनिटे वाफवावेत आणि गरम असतानाच पुन्हा मळावे. वाफवल्यामुळे कणकेचा चिकटपणा बांधला जातो. सायप्रिनससाठी उकडलेला मका सोपा आणि टिकाऊ असतो. हिवाळ्यात कोणी हुरडा लावून पाहतात. माझ्या मते हुरडा आपण शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खावा आणि माशाला मका द्यावा. गांडूळ सर्वांना चालते, पण त्यावर आधी लहान चिलापी तुटून पडते आणि मोठ्या माशाची पाळी येत नाही.

*तपासणी:* गोळी गळावर लावून ग्लासभर पाण्यात सोडावी. पाच मिनिटांच्या आत सुटली तर कणीक वाढवावी, अर्ध्या तासानंतरही दगडासारखी राहिली तर पेंड वाढवावी.

*इशारा:* पेट्रोल भरून आलेला, तंबाखू मळलेला किंवा डास पळवण्याचे मलम लावलेला हात पिठात घालू नये. आधी काठावरची माती चोळून हात धुवावेत.

टप्पा ५: जागा

उजनीचे पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी ४९६.८३ मीटर आणि मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर, म्हणजे उपयुक्त साठ्याची उंची सहा मीटरही नाही. पण फुगवट्याची जमीन इतकी सपाट आहे की पाणी हातभर उतरले तरी काठ पुष्कळ मागे सरतो. डिसेंबरातली हमखास जागा एप्रिलमध्ये भेगाळलेले रान झालेली असते. ‘उजनी उणे’ अशी बातमी वाचून काही जण बेत रद्द करतात, तेही बरोबर नाही. उणे म्हणजे उपयुक्त साठा संपला इतकेच. मृत साठाच ६३.६६ टीएमसी असल्यामुळे पाणी आणि मासे दोन्ही शिल्लक असतात, फक्त पूर्वीच्या जागी नसतात. म्हणून जागा आठवणीने न ठरवता त्या दिवशीच्या पाण्यावरून ठरवावी.

पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे काठी गाडीतच ठेवावी आणि नुसते पाहावे. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे तरंगते खाद्य जमते आणि मासेही तिकडे वळतात. तोंडावर वारा घेऊन फेकणे त्रासाचे असले तरी तीच बाजू चांगली. पाण्यात गेलेले जुने बांध, ओढ्यांची तोंडे आणि बाभळींची खोडे यांच्या आसपास मासे थांबतात, पण खोडांत गळही अडकतो, तेव्हा त्यांच्यापासून दोन-तीन काठ्यांचे अंतर ठेवावे. तळातून बुडबुड्यांची रांग उठत पुढे सरकत असेल तर खाली चरणारे मासे आहेत; एकाच जागी उठणारे बुडबुडे बहुधा कुजणाऱ्या गाळातला वायू असतो.

उन्हाळ्यात उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि पुन्हा सूर्य कलल्यावर बसावे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासा खाणे सोडतो. चाळीस अंशांच्या दुपारी बसणे हा माणसाचा छळ आहे, माशाला त्याचे काही नसते. हिवाळ्यात उलट, ऊन अंगाला लागू लागल्यावर, दहा ते तीन ही वेळ बरी. मासे खोल पाण्यात आणि सुस्त असतात, म्हणून आमिष लहान लावावे.

*इशारा, गाळाचा:* पाणी नुकतेच उतरलेल्या भागात वरून वाळलेली पापडी दिसते आणि खाली मांडीपर्यंत रुतवणारा गाळ असतो. पुढे काठी टोचल्याशिवाय पाऊल टाकू नये आणि एकट्याने तिकडे जाऊ नये.

*इशारा, विजेचा:* फुगवट्याच्या काठावर शेतीच्या मोटारींच्या केबली आणि खाली झुकलेल्या तारा जागोजागी असतात. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. तारेखालून जाताना काठीचे तुकडे सुटे करून, आडवे धरून न्यावेत आणि केबल पाण्यात गेली असेल तिथून दूर बसावे. वळवाचे ढग दाटले, लांबवर जरी गडगडले तरी काठी खाली ठेवून गाडीत बसावे.

*इशारा, वाहत्या पाण्याचा:* धरणाच्या खाली भीमेच्या पात्रात बसणाऱ्यांनी पाणी सोडण्याच्या सूचना रोज पाहाव्यात. सोलापूर शहरासाठी औज बंधारा भरून घ्यायला उन्हाळ्यातही नदीत पाणी सोडत आले आहेत, त्यामुळे कोरड्या पात्रातील खडकावर मांडलेला डाव अंगाशी येऊ शकतो. धरणाच्या पाण्यात होडीतून जायचेच असेल तर जीवरक्षक जाकीट अंगात घालूनच जावे. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वारा तिथे काही मिनिटांत उठतो.

टप्पा ६: खोली मोजणे

हा टप्पा जवळजवळ सर्वजण गाळतात, आणि माझ्या मते रिकाम्या हाताने परतण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. माशांची चरण्याची पातळी ठरलेली असते आणि ती त्यांच्या तोंडावरून वाचता येते. कटल्याचे तोंड मोठे आणि वरच्या बाजूला उघडणारे आहे, तो वरच्या थरात चरतो. रोहूचे तोंड किंचित खाली वळलेले आणि ओठ झालरदार, तो मधल्या थरात असतो. मृगळ आणि सायप्रिनस तळ उकरतात. मृगळीसाठी मांडलेला डाव तळापासून चार फूट वर लोंबत असेल तर आमिष कितीही सुगंधी असले तरी ते मृगळीच्या डोक्यावरून जाते.

मोजायची रीत सोपी आहे. गळाला भेंड बुडवील असे जड शिसे तात्पुरते अडकवावे, भेंड अंदाजाने एका उंचीवर ठेवावे आणि जिथे मासेमारी करायची नेमके तिथे फेकावे. भेंड पूर्ण बुडाले तर खोली अंदाजापेक्षा जास्त आहे. भेंड वर सरकवावे. भेंड आडवे पडले तर खोली कमी आहे, खाली सरकवावे. फक्त रंगीत टोक पाण्यावर दिसू लागले की भेंडापासून गळापर्यंतचे अंतर म्हणजे तिथली खोली. त्या जागी तंगुसावर खूण करावी, आणि तीन-चार फेकी डावी-उजवीकडे, थोड्या पुढे-मागे टाकून तळाचा उतार कुठे आहे ते समजून घ्यावे. सहा फुटांवरून एकदम दहा फुटांवर उतरणारी जागा सापडली तर तिथेच डाव मांडावा.

त्यानंतर जड शिसे काढून, मृगळ-सायप्रिनससाठी आमिष तळाला जेमतेम टेकेल असे, रोहूसाठी तळापासून एक ते दोन फूट वर राहील असे आणि चिलापीसाठी काठालगतच्या उथळ पाण्यात अर्ध्या खोलीवर भेंड लावावे. खोली काठीच्या लांबीहून जास्त असेल तर भेंड तंगुसावर मोकळे सरकते ठेवावे आणि मोजलेल्या उंचीवर सुती दोऱ्याची गाठ मारून खाली एक मणी ओवावा. गाठ काठीच्या कड्यांतून जाते, पण मणी तिच्याखाली भेंड अडवतो.

*तपासणी:* बारीक शिसे वाढवत जाऊन भेंडाचे फक्त बोटाच्या पेराएवढे टोक वर ठेवावे. निम्मे भेंड वर असेल तर ते बुडवायला माशाला जोर लागतो, आणि जोर लागला की तो आमिष सोडून देतो.

टप्पा ७: चारा आणि फेक

मोजलेल्या जागेवर लिंबाएवढे पाच-सहा गोळे टाकावेत आणि वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. पुढे दर अर्ध्या तासाने एक-दोन गोळे पुरतात. किलोभर पेंड एकदम ओतली की मासे येतात, पोट भरतात आणि जातात. गोळे आणि गळ एकाच जागी पडावेत म्हणून समोरच्या काठावरचे एक झाड किंवा खांब नेमाला धरावा, आणि अंतर कळावे म्हणून तंगूस रिळाच्या कडेच्या चिमट्यात अडकवून ठेवावा.

फेकताना आधी मागे पाहावे. मागे माणूस, झुडूप किंवा गाडी असेल तर जागा बदलावी. गळ ठरलेल्या जागेच्या दोन हात पुढे टाकून हळूहळू मागे ओढून आणावा, म्हणजे चाऱ्यात बसलेले मासे बुजत नाहीत. मग काठी दोन टेकूंवर ठेवावी, आणि ड्रॅग पुन्हा एकदा हाताने ओढून पाहावा.

टप्पा ८: ओढ ओळखणे

भेंड हलले की काठी उचलायची, या सवयीमुळे दिवसाला दहा ओढी येतात आणि मासा एक मिळतो. चिलापी टकटक करते: भेंड जागच्या जागी थरथरते आणि त्याच्याभोवती बारीक वर्तुळे उठतात, तिला तोंडात घेईपर्यंत वेळ द्यावा. रोहूच्या ओढीत भेंड दोनदा बुडते, थांबते आणि मग तिरके होऊन एका दिशेने सरकू लागते. ते सरकू लागले की तोच क्षण. सायप्रिनस तळावरचे आमिष शिशासकट उचलतो, म्हणून भेंड बुडण्याऐवजी वर येते आणि आडवे पडते. नवशिक्याला वाटते वारा आला. तो वारा नसतो, मासाच असतो; नेमकी त्याच क्षणी काठी उचलावी.

काठी उचलणे म्हणजे डोक्यावरून मागे झटका मारणे नव्हे. मनगटाने, कोपर अंगाजवळ ठेवून, हातभर उंच आणि ठामपणे उचलावी. रोहूचे ओठ मऊ असतात; जोराचा हिसका बसला तर गळ ओठ फाडून बाहेर येतो.

टप्पा ९: मासा काठाला आणणे

काठी जमिनीशी साधारण पन्नास-साठ अंशांत वाकलेली राहिली पाहिजे. मासा थकवण्याचे काम तिच्या लवचिकतेने करायचे असते. मासा ओढत असताना आणि ड्रॅग सुटत असताना रिळाची मूठ फिरवू नये, कारण तंगूस आत येत नाही, फक्त पीळ घेतो. मासा थांबला की काठी हळू वर उचलावी, आणि ती खाली नेताना तेवढाच तंगूस गुंडाळावा. घाईत ड्रॅग आवळणे ही सर्वांत महाग चूक. मासा काठ दिसल्यावर शेवटची धाव हमखास घेतो, आणि नेमका तेव्हा आवळलेला ड्रॅग तंगूस तोडतो.

हातजाळे आधीच भिजवून पाण्यात स्थिर धरावे आणि मासा त्यावर डोक्याकडून आणावा. जाळे माशामागे हलवत पाठलाग केला की तो पुन्हा उसळतो. तंगूस हाताला गुंडाळून मासा ओढू नये. बोट कापले जाते.

टप्पा १०: गळ काढणे, सोडणे, ठेवणे

मासा सोडायचा असेल तर हात ओले करूनच धरावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे रोगाने मरतो. जून ते ऑगस्ट हा रोहू, कटला आणि मृगळ यांच्या प्रजननाचा काळ आहे. त्या दिवसांत पोट फुगलेली मादी लागली तर ती सोडणेच योग्य. गळ खोल गिळला असेल तर उपसत बसू नये, तंगूस तोंडाजवळ कापावा. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला तर हे काम निम्म्याने सोपे होते.

शिंगटा हा काटेरी मासा लागला तर सावध राहावे. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या पंखांत करवती काटे असतात. तो फडक्यात, काट्यांच्या मागून धरावा. काटा टोचल्यास जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवावा आणि डॉक्टरांकडे जावे. गळ स्वतःच्या बोटात उलट्या काट्यापर्यंत घुसला तर ओढून काढू नये. तंगूस कापून तसेच दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची विचारणा करावी. उजनीच्या हिरव्या, शेवाळलेल्या पाण्यात उघडी जखम बुडवू नये.

कासव लागले तर ते ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या पाण्यातील कासवांना वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. तंगूस जवळून कापून, दिसत असल्यास गळ काढून त्याला तिथेच सोडावे. घरच्या टाकीतला मांगूर किंवा दुसरा कोणताही मासा धरणात नेऊन सोडू नये.

घरी न्यायचा मासा पिशवीत तडफडत ठेवू नये. डोक्यावर एक ठाम फटका देऊन तो लगेच मारावा, कल्ले व आतडी काढावीत आणि माशाच्या वजनाइतक्या बर्फात ठेवावा. डिकीतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून टेंभुर्णी ते सोलापूर आणलेला उन्हाळ्यातला मासा घरी पोहोचेपर्यंत खाण्यालायक राहत नाही.

निघताना तुटलेल्या तंगुसाचा प्रत्येक तुकडा, शेजारच्याने टाकलेला असला तरी, उचलून वीतभर लांबीचा कापावा आणि परत आणावा. फुगवट्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत तो अडकतो. घरी रीळ ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे, गळाजवळचा हातभर तंगूस कापून टाकावा आणि ड्रॅगची चावी पूर्ण सैल करून ठेवावी.